ओळख

उत्तरपत्रिका तपासण्याचे काम कंटाळवाणे असते असे लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. त्या कामात एक छोटेसे नाटक दडलेले असते, आणि त्यातला एकुलता एक नट मी असतो. परीक्षार्थीचा बैठक क्रमांक झाकलेला असतो. उत्तरपत्रिका कोणाची आहे हे परीक्षकाला कळू नये, हा त्यामागचा हेतू. हेतू उत्तमच आहे. पण कधी कधी गठ्ठा आपल्याच मुलांचा निघतो, आणि तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलो न पोचलो तोच मला कळून चुकते, की ही स्वारी कोण! एकाचा 'ज्ञ' गणपतीच्या सोंडेसारखा वळतो. एकीची वेलांटी शेजारच्या अक्षरावर छत्री धरते. एक महाशय प्रत्येक उत्तराची सुरुवात 'सर्वप्रथम' या शब्दाने करतात, मग ते उत्तर शेवटचे का असेना!

अशा वेळी परीक्षकाने काय करायचे? काही नाही. ओळखायचे, आणि ओळख दाखवायची नाही. गुण द्यायचे आणि पान उलटायचे. क्रमांकावरचा कागद सरकारी असतो. पण खरे झाकण परीक्षकाच्या मनाचे असते. वीस-एक वर्षे मी हे नाटक इमानाने करीत आलो आहे. त्यामुळे 'ओळखून न ओळखणे' या कलेत आपण पारंगत झालो आहोत, असा माझा समज होता. तो समज मागच्या दिवाळीत पार ढासळला.

पाडव्याचा दिवस होता. फराळाचे ताट पुढे घेऊन बसलो होतो, तेवढ्यात माझा एक जुना विद्यार्थी दारात येऊन उभा राहिला. वर्गात तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि खिडकीबाहेर पाहत राहायचा. आमच्या जालन्यात बियाण्यांचा व्यापार मोठा. त्याच्या वडिलांची इच्छा अशी, की त्यानेही त्याच धंद्यात पडावे. त्याने मात्र मराठी घेऊन बी.ए. केले, आणि मग गळ्यात कॅमेरा अडकवून मुंबई गाठली. लग्नसराईत लग्नाचे फोटो काढायचे, आणि उरलेल्या दिवसांत आपल्या मनातले, असा त्याचा क्रम. त्या दिवशी त्याच्या काखेत एक मोठे जाड पाकीट होते.

"सर, मुंबईत एका छोट्या गॅलरीत प्रदर्शन भरवतोय," तो म्हणाला. "सुरुवातीला पानभर मजकूर हवाय. मराठीत. तुम्ही लिहून द्यावा अशी इच्छा आहे."

मी खूष झालो. विद्यार्थ्याने मोठे होऊन मास्तरांकडे मजकूर मागावा, यापरते भाग्य ते कोणते? मी चकलीचा तुकडा मोडीत म्हणालो, "अरे, देतो की! फोटो कशाचे आहेत?"

तो जरा घुटमळला. "सर, ते म्हणजे... वस्त्रांवाचूनचे आहेत. बायकांचे."

चकली माझ्या हातातच राहिली. आता मी काही सोवळा माणूस नव्हे. हाल सातवाहनाची 'गाथासप्तशती' मी वर्षानुवर्षे शिकवतो आहे. सातवाहनांचे पैठण आमच्यापासून फार दूर नाही. दोन हजार वर्षांपूर्वी याच गोदाकाठच्या बायका त्या गाथांतून इतक्या मोकळेपणाने बोलल्या आहेत, की शिकवताना मला खिडकीबाहेर पाहावे लागते. पण शिकवणे वेगळे आणि आपल्या नावाने छापून येणे वेगळे. खोटे कशाला सांगू? माझ्या तोंडून पहिले वाक्य बाहेर पडले ते असे : "मजकूर लिहितो. पण खाली माझे नाव नको घालूस."

तो हसला नाही. फक्त म्हणाला, "सर, तुम्हीसुद्धा?"

त्या 'सुद्धा'चा अर्थ मला तेव्हा कळला नाही. तो मग सांगू लागला. चित्रांतल्या एकाही स्त्रीचे नाव कुठेही येणार नव्हते. चेहरा चौकटीबाहेर, नाहीतर पूर्ण अंधारात. चित्रांना नावे नाहीत, फक्त क्रमांक. फोटो काढताना खोलीत तो आणि हाताखालची एक मुलगी, तिसरे कोणी नाही. आणि त्या मुलीलाही नाव सांगायचे नाही. सर्वांचे मोबाईल दाराशी टोपलीत ठेवायचे. फोटो त्या बाईच्या घरी काढायचा नाही, कारण खिडकीचे गज आणि फरशीची नक्षीसुद्धा बोलते. प्रत्येक चित्र आधी तिने पाहायचे, नको असेल त्यावर काट मारायची. आणि छपाईला जाईपर्यंत तिला केव्हाही माघार घेता येईल, असे कागदावर लिहून द्यायचे.

"म्हणजे नाव कागदावर येतंच की!" मी परीक्षकाच्या डोळ्याने चूक काढली.

"यावंच लागतं, सर. वय अठराच्या वर आहे याचा दाखला पाहिल्याशिवाय मी कॅमेरा उघडत नाही. आणि ती आपखुशीने आली आहे हेही तिच्या सहीने असलं पाहिजे. झाकायचं म्हणून काहीच लिहून ठेवलं नाही, तर त्या झाकणाखाली उद्या कुणी अजाण पोरीलाही बसवील. म्हणून कागद आहेत, पण ते एका पेटीत आहेत, आणि पेटीची किल्ली माझ्याकडे आहे."

मला त्याचे कौतुक वाटले. शेवटच्या बाकावरून खिडकीबाहेर पाहताना हा मुलगा बरेच काही पाहत होता तर! मग त्याने यंत्राच्या खोडी सांगितल्या. हल्ली फोटो म्हणजे नुसता फोटो नसतो. मोबाईलने किंवा कॅमेऱ्याने काढलेल्या चित्राच्या पोटात तो केव्हा काढला, कोणत्या यंत्राने काढला, आणि कित्येकदा पृथ्वीच्या पाठीवर नेमका कुठे काढला, याची नोंद गुपचूप बसलेली असते. ती पुसावी लागते. चेहऱ्यावर नुसती काळी पुसट रेघ ओढली तर उजेड वाढवून तिच्याखालचे पाहता येते. चेहरा घुसळून टाकला तरी भरवसा नाही. २००७ साली इंटरपोलने शोधत असलेल्या एका गुन्हेगाराने आपल्या चित्रांतल्या चेहऱ्यावर संगणकाने भोवरा फिरवला होता. तज्ज्ञांनी तो भोवरा उलटा फिरवला आणि चेहरा जसाच्या तसा समोर आला! त्या इसमाच्या बाबतीत ते बरेच झाले. पण जे चोराच्या बाबतीत करता येते ते सावाच्या बाबतीतही करता येते. म्हणून हा मुलगा चेहरा झाकीत नाही. तो मुळी चेहरा टिपतच नाही.

एवढ्यात आमच्या सौभाग्यवती चहा घेऊन आल्या. तो बिचारा घाईघाईने पाकीट मिटू लागला. "बघू दे की," ती म्हणाली, आणि पदराला हात पुसून तिने एक चित्र उचलले. पाठमोरी बसलेली एक स्त्री. पाठीच्या कण्यावरून उजेड पाण्यासारखा उतरला होता. त्या चित्रात अश्लील म्हणावे असे काही नव्हते. थकून नदीकाठी बसलेल्या बाईला पाहून जे वाटेल तेच ते पाहून वाटे. सौभाग्यवतींनी ते बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाली, "लग्न झालेलं आहे हिचं."

आम्ही दोघेही चमकलो.

"मंगळसूत्र काढलंय, पण मानेवर त्याचा फिकट माग राहिलाय. मनगटावर बांगड्यांचाही आहे. उन्हात काम करणारी दिसते." एवढे बोलून तिने चित्र खाली ठेवले आणि ती आत निघून गेली. तीन महिने ज्याने त्या चित्रावर मेहनत केली त्याला जे दिसले नव्हते, ते हिने चहाचा कप ठेवता ठेवता वाचले!

मी पुढची चित्रे पाहू लागलो. एक, दोन, तीन. चौथ्यावर माझा हात थांबला.

वाचकहो, इथे मला थोडे सांभाळून लिहिले पाहिजे. त्या चित्रात चेहरा नव्हता. नाव अर्थातच नव्हते. पण एक खूण होती. ती कोणती, शरीरावर कुठे, हे मी सांगणार नाही. ती स्त्री या गावची की त्या, हेही शोधू नका. या हकिकतीतले काही तपशील मी मुद्दाम बदलले आहेत, आणि कोणते बदलले तेही सांगणार नाही. एवढेच सांगतो, की ती खूण मी पूर्वी पाहिली होती, एकदा नव्हे, वर्षभर रोज. आणि पुढच्याच क्षणी, उत्तरपत्रिकेची तिसरी ओळ वाचावी तसे, ते नाव संपूर्ण, आडनावासकट माझ्या जिभेवर येऊन उभे राहिले.

"अरे, ही तर..." एवढे शब्द तोंडून निघालेसुद्धा! त्याने चटकन हात पुढे केला आणि चित्र पालथे घातले. "सर, नाव नका घेऊ," तो म्हणाला. स्वयंपाकघराचे दार उघडे होते. मी गप्प बसलो. वीस वर्षांचा पारंगत नट भर रंगमंचावर आपले भाषण विसरला होता.

तो एका दिवसासाठी चित्रे माझ्याकडे ठेवून गेला. रात्री सौभाग्यवतींनी विचारले, "चौथं चित्र ओळखीच्या बाईचं होतं का?" मी "नाही" म्हणालो. इतक्या वर्षांच्या संसारात मला खोटे बोलणे कधी जमलेले नाही, आणि त्या रात्रीही जमले नाही. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बरं." पुन्हा तिने तो विषय काढला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. पण मूठ झाकलेली राहते ती मूठवाल्याच्या बळावर नव्हे. समोरचा ती उघडायला लावीत नाही म्हणून ती झाकलेली राहते.

झोप येईना. आपल्याकडे चित्रकलेच्या शाळेत बायका वर्गापुढे बसतात, ही गोष्ट जुनीच आहे. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ सालचे. तिथल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या जिवंत माणूस समोर बसवून हात तयार करीत आल्या. त्या बसणाऱ्या बायकांची हकिकत आपल्यापुढे आली ती फार उशिरा, रवी जाधव यांच्या 'न्यूड' या मराठी चित्रपटातून. त्यातली यमुना हे काम करते, मुलाला शिकवते, आणि आपण काय काम करतो हे मुलाला कळू देत नाही. २०१७ साली गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी निवड समितीने निवडलेला हा चित्रपट माहिती-प्रसारण मंत्रालयाने यादीतून वगळला, आणि अखेर २०१८ च्या एप्रिलमध्ये तो चित्रपटगृहांत आला. ज्या बाईने आयुष्यभर आपले नाव झाकले तिच्या गोष्टीचेच नाव सरकारी यादीतून झाकले जावे, यातला विरोधाभास त्या वेळी अनेकांना बोचला.

पण चित्रकाराच्या बाबतीत एक सोय असते. त्याची रेघ मध्ये येते. समोर बसलेली बाई कागदावर उतरेपर्यंत दुसरीच कोणी होऊन जाते. कॅमेऱ्याला ही दया नाही. तीळ, व्रण, देवीची लस टोचल्याचा वण, सगळे तो प्रामाणिकपणे टिपून घेतो. म्हणूनच त्याच्यापुढे बसणारीला चित्रकारापुढे बसणारीपेक्षा जास्त विश्वास टाकावा लागतो.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स शहरात बेलॉक नावाचा एक फोटोग्राफर होता. १९१२ च्या सुमारास त्याने तिथल्या वेश्यावस्तीतल्या स्त्रियांचे फोटो काचेच्या पट्ट्यांवर काढले. त्याच्या मृत्यूनंतर त्या पट्ट्या दुसऱ्या एका फोटोग्राफरच्या हाती आल्या, आणि १९७० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. त्यातल्या काही काचांवर बाईचा चेहरा तेवढा खरवडून टाकलेला आहे. अंग जसेच्या तसे, आणि चेहऱ्याच्या जागी काळा ओरखडा! तो कोणी काढला याचा वाद आजही चालतो. मला मात्र त्या ओरखड्यात एक मागणी ऐकू येते. 'मला पाहा, पण मला शोधू नका.'

आणि शोधणारे शोधतातच! फ्रान्समध्ये कूर्बे या चित्रकाराने १८६६ साली एका विवस्त्र स्त्रीचे चित्र काढले आणि तिचे मस्तक चौकटीबाहेर ठेवले. आज ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. ती स्त्री कोण, याचा शोध विद्वान लोक दीडशे वर्षे घेत होते. २०१८ साली एका अभ्यासकाला जुन्या पत्रव्यवहारात एक शब्द चुकीचा वाचला गेल्याचे आढळले. तो नीट लावताच एक नाव पुढे आले आणि जगभरच्या वृत्तपत्रांत छापले गेले. ज्या बाईचे हे नाव असे म्हणतात, ती तरुणपणी ऑपेरात नाचत असे आणि उतारवयात दानधर्म करणारी प्रतिष्ठित स्त्री म्हणून ओळखली जाई. अभ्यासकाचे काम मोठेच. मीही अभ्यासकाच्याच जातीचा आहे. तरीपण ते नाव मी इथे लिहीत नाही. चित्रकाराने जे चौकटीबाहेर ठेवले ते मी आत ओढायचे कशासाठी?

इतके लांब तरी कशाला जायचे? आमच्या जालना जिल्ह्यातच केळणा नदीकाठी भोकरदन आहे, म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी तिथे उत्खनन केले. इतर वस्तूंबरोबर हस्तिदंताची एक स्त्रीप्रतिमा हाती लागली. गंमत अशी, की तिची जवळची बहीण त्याआधी पस्तीस वर्षे इटलीत सापडलेली होती. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली एक वीतभर उंचीची हस्तिदंती मूर्ती मिळाली. अंगावर दागिने भरपूर, वस्त्र जवळजवळ नाही, आणि दोन्ही बाजूंना छोट्या दासी. लोकांनी तिला लक्ष्मी म्हटले. पुढे जाणकारांनी सांगितले की ही यक्षी असावी. ती भोकरदनच्या बाजूला घडली की उत्तरेत, याबद्दल विद्वानांत एकमत नाही. पण तिच्या घडणीच्या मूर्ती आमच्या भोकरदनला आणि तेरला निघाल्या, हे खरे. नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयात ती ठेवली आहे 'गुप्त दालना'त. कामुक मानल्या गेलेल्या वस्तूंचे हे दालन दीर्घकाळ कुलपात होते. २००० साली ते सर्वांसाठी उघडले.

भोगवर्धनाच्या लोकांना नावाची हौस नव्हती असे नाही. सांचीच्या स्तूपाला देणग्या देणाऱ्या भोगवर्धनकरांची नावे तिथल्या दगडात कोरलेली आहेत आणि दोन हजार वर्षांनंतरही आपण ती वाचतो. पण त्या हस्तिदंती मूर्तीसाठी कारागिराने कोणाला समोर पाहिले असेल, कोणाच्या कमरेचा बाक त्याच्या डोळ्यांत राहिला असेल, त्या बाईचे नाव कुठेच नाही. केळणेच्या काठी ती धुणे धूत असेल, तिला नवरा असेल, सासू असेल. कारागिराने नाव सांगितले नाही आणि गावाने विचारले नाही. तेवढ्या एका न विचारण्यावर ती बिनघोर समुद्र ओलांडून गेली!

उजाडता उजाडता मला माझी अडचण नीट कळली. परीक्षक म्हणून मी एकटा असतो. मी ओळखून गप्प बसलो की प्रश्न मिटतो. प्रदर्शनात मात्र शेकडो परीक्षक येणार. आणि आजकाल प्रदर्शन भिंतीवर राहत नाही, कोणीतरी मोबाईलने टिपतो आणि चित्र व्हॉट्सअॅपवरून तासाभरात जालन्याच्या गल्लीबोळांत येऊन पोचते. मी ओळखले तर तिचा दीर का ओळखणार नाही? तिच्या मुलाचे मास्तर का ओळखणार नाहीत? १९९५ साली एका बुटाच्या जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधू सप्रे विवस्त्र उभे राहिले. त्यांच्यावरचा खटला चौदा वर्षे चालून २००९ साली ते निर्दोष सुटले. त्यांना नाव होते, वकील होते, मुंबई पाठीशी होती. हिच्या पाठीशी काय होते? एक फोटोग्राफर, एक पेटी, आणि आता मी. म्हणजे माझे गप्प बसणे हा सभ्यपणा नव्हता, तो पळपुटेपणा झाला असता. आणि बोलायचे तर नाव न घेता बोलायचे!

सकाळी तो पाकीट न्यायला आला. मी चौथे चित्र काढून त्याच्यापुढे ठेवले. "हे बघ, ही बाई कोण हे मी तुला विचारीत नाही, आणि मला माहीत आहे असंही म्हणत नाही. पण इथे एक खूण आहे. जिने किंवा ज्याने हिला चार दिवस जवळून पाहिलं असेल, त्याला नाव विचारावं लागणार नाही." मी त्या जागी बोट ठेवले.

तो बराच वेळ पाहत राहिला. "सर, हे मला दिसलंच नव्हतं," तो हळूच म्हणाला. "तिनंही हे चित्र दोनदा पाहिलं. ती फक्त चेहरा कुठे दिसतोय का ते बघत होती."

खरेच आहे. आपल्या अंगावरची खूण आपल्याला दिसत नाही. ती रोजची असते. ती दुसऱ्याला दिसते. संगणकावर ती पाच मिनिटांत पुसता येईल असे तो म्हणाला. मग स्वतःच थबकला. "पण ते मी ठरवायचं नाही. तिला विचारतो. कोणी सांगितलं ते सांगणार नाही." म्हणजे या व्यवहारात मीही एक झाकलेला क्रमांक झालो.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. तिने चौथे चित्र काढून टाकायला सांगितले होते. ते पुसून टाकले, छापलेली प्रत फाडली. पण बाकीची दोन चित्रे तिने राहू दिली. मला आश्चर्य वाटले. घाबरून तिने सगळीच मागे घेतली असती तर मी समजू शकलो असतो. "काही म्हणाली का?" मी विचारले.

"म्हणाली, मला या फोटोंची लाज वाटत नाही. पण माझी गोष्ट दुसऱ्यानं सांगायची नाही. सांगायची झालीच तर मी सांगेन."

या एका वाक्याने माझ्या डोक्यातला बराच गुंता सुटला. आमच्या स्टाफरूममध्ये नाव-गाव वगळून मी हा विषय काढला, तेव्हा एक सहकारी म्हणाले होते, "लाज वाटत नाही तर लपायचं कशाला? चोराच्या मनात चांदणं!" त्यांना तेव्हा मला उत्तर देता आले नव्हते. आता देता येईल. आपण मत गुप्तपणे देतो, ते काय लाज वाटते म्हणून? देवळाच्या पेटीत गुप्तदान टाकतो, ते काय चोरी असते म्हणून? काही गोष्टी आपण झाकतो त्या वाईट असतात म्हणून नव्हे. त्या आपल्या असतात म्हणून. शरीर दाखवले म्हणून नावही दिले, असा व्यवहार होत नाही. त्या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत आणि त्यांची खातीही वेगळी आहेत.

आता कायदाही हे मानू लागला आहे. २०१३ साली दंडविधानात एक नवे कलम आले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ७७ वे कलम आहे. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, एखाद्या स्त्रीने आपले खासगी चित्र घ्यायला संमती दिली, पण ते तिसऱ्यापर्यंत पोचवायला दिली नाही, आणि तरीही कोणी ते पसरवले, तर तो गुन्हा होतो. म्हणजे एक 'हो' म्हटले की सगळेच 'हो' होत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, त्याच्याही मुळाशी हेच आहे. पण कायदा धावून येतो तो मूठ उघडल्यानंतर. उघडू नये म्हणून जो गप्प बसतो, त्याच्यासाठी कलम नसते.

राहता राहिला माझा मजकूर. तो मी लिहिला. लिहून झाल्यावर खालची जागा मोकळी सोडली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत बसलो. माझ्या अंगावर धोतर-सदरा नसला तरी शर्ट-पँट पुरेपूर होती. चित्रात मी कुठे नव्हतो. आणि तरीही पहिल्याच दमात मी म्हणालो होतो, 'नाव नको घालूस!' त्या मुलाचा 'तुम्हीसुद्धा?' आता कुठे मला कळला. एका पानभर मजकुराला मी इतका भ्यालो, तर जिने एवढा विश्वास टाकला तिला धास्ती वाटू नये का? अखेर मी खाली सही केली. यात शौर्य काही नाही. नाव द्यायचे की नाही हे मला ठरवता आले, एवढेच तिला हवे होते आणि एवढेच मला मिळाले होते.

प्रदर्शन झाले. मी गेलो नाही, परीक्षा होत्या.

पुढे उन्हाळ्यात एका लग्नात मी पंगतीच्या रांगेत उभा होतो. मागून आवाज आला, "सर, ओळखलंत का मला?"

जुने विद्यार्थी भेटले की हाच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नाला आजवर मी शेकडो वेळा, कधी खरे तर कधी खोटे, 'हो' म्हटले आहे. वळून पाहिले. कडेवर मूल, अंगावर जरीची साडी, हातभर हिरव्या बांगड्या, आणि चेहऱ्यावर जुन्या विद्यार्थ्यांचे असते ते कौतुकाचे, जरासे भित्रे हसू. ती खूण बांगड्यांखाली होती, की पदराखाली, की उघडीच होती, ते मी पाहिले नाही. देवाशप्पथ पाहिले नाही.

"ओळखलं तर!" मी म्हणालो. "तुझं अक्षर फार सुरेख होतं. अजून लिहितेस की नाही?"

ती मनापासून हसली आणि मुलाला म्हणाली, "नमस्कार कर सरांना."